दोन्ही बाजूंनी

मराठीच्या प्राध्यापकांचा विजेशी संबंध बहुधा कवितेपुरताच येतो. तडित, चपला, सौदामिनी असे तिचे पर्याय आम्हांस झोपेतही सांगता येतील. पण घरातला दिवा गेला की आम्ही वायरमनला फोन करतो आणि तो येईपर्यंत मेणबत्ती शोधत बसतो. आम्ही उभयता गेली वीस वर्षे पुण्यातील दोन महाविद्यालयांत मराठी शिकवीत आहोत. आमच्या घरात चार कपाटे पुस्तके आणि एक टेस्टर आहे, आणि त्या टेस्टरचा उपयोग आजवर चहाच्या डब्याचे झाकण उचकटण्यासाठीच अधिक झाला आहे. तेव्हा प्लगपॉइंट हा आमच्या लेखाचा विषय होईल, असे कुणी दोन वर्षांपूर्वी सांगितले असते तर आम्हीच हसलो असतो.

आई (ती आमच्यापैकी एकाची आई, दुसरीची सासू; या लेखात ती दोघांचीही आईच) २००९ साली, बाबा गेल्यानंतर, दादाकडे लेस्टरला कायमची राहायला गेली. २०२४ च्या मार्चमध्ये ती तिथे घरात पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, ती घरी आली, पण जिना चढणे संपले. विटांच्या ओळघरातली तिची खोली वरच्या मजल्यावर होती. आता खालची दर्शनी खोली तिची करायची, असे ठरले. तिथे इस्पितळातून मिळालेली विजेवर वरखाली होणारी खाट येणार, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवा भरणाऱ्या गादीचा पंप येणार, वाफाऱ्याचे यंत्र येणार, रात्रीचा दिवा येणार. आणि त्या खोलीत होते टीव्हीमागे, जमिनीलगत, जुळ्या सॉकेटचे एकच ठाणे.

एक्स्टेंशन का नको, याचे उत्तर त्या घरात कुणी उच्चारीत नव्हते. आई पडली होती ती एक्स्टेंशनच्या वायरीत पाय अडकून. ती वायर टीव्हीमागून निघून गालिच्यावरून तिच्या खुर्चीपर्यंत गेलेली होती, कारण तिचा टॅबलेट दुपारपर्यंत उतरायचा आणि आमचा फोन पुण्याहून रविवारी नेमका दुपारी जायचा. वायर दादाने टाकली होती. पण ती आमच्यासाठी होती. मे महिन्याची सुटी लागताच आम्ही लेस्टरला पोहोचलो तेव्हा ती वायर गुंडाळून जिन्याखाली ठेवलेली होती. दादाने ती फेकली नव्हती, आणि वापरलीही नव्हती.

आपल्याकडची वायरिंग झाडासारखी असते. मीटरपासून मेन बोर्ड, तिथून खोलीखोलीत गेलेल्या फांद्या, आणि प्रत्येक फांदी शेवटच्या बोर्डाशी संपलेली. सदाशिव पेठेतल्या ज्या वाड्यात आमच्यापैकी एकाचे बालपण गेले, तिथे लाकडी पट्टीवरून खिळ्याखिळ्याने गेलेल्या तारा भिंतीवर उघड दिसत. वीज कुठून आली आणि कुठे गेली, हे मुलांनाही बोटाने दाखवता येई. फ्यूज उडाला की बाबा स्टुलावर चढून चिनीमातीच्या किटकॅटमध्ये बारीक तार बांधीत आणि आई खाली बॅटरी धरून उभी राही.

इंग्लंडातल्या घरात सॉकेटांची वायरिंग झाडासारखी नसते. ती कड्यासारखी असते. एकाच एमसीबीपासून निघालेली तार एका सॉकेटाकडून दुसऱ्याकडे जात, घरभर फिरून पुन्हा त्याच एमसीबीवर येऊन मिळते. तिला तिकडे ‘रिंग’ म्हणतात. त्यामुळे प्रत्येक सॉकेटला वीज दोन्ही बाजूंनी मिळते, आणि म्हणूनच अडीच चौरस मिलिमीटर छेदाची तार बत्तीस अँपिअरच्या एमसीबीवर निभावून जाते. भार दोन बाहूंत वाटला जातो. दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४२ साली, युद्धानंतरच्या घरांचा विचार करण्यासाठी तिथल्या विद्युत अभियंत्यांची एक समिती नेमली गेली. कॅरोलाइन हॅस्लेट ही त्या समितीतली एकमेव स्त्री. घरात विजेची उपकरणे प्रत्यक्ष वापरणाऱ्या बायकांची बाजू तिने तिथे मांडली. या विचारातूनच रिंगची पद्धत आली आणि १९४७ साली चौकोनी पिनांचा, पोटात स्वतःचा फ्यूज बाळगणारा तेरा अँपिअरचा प्लग प्रमाणित झाला. तांब्याची बचत हाही त्यामागचा एक हेतू होता, असे सांगितले जाते. आपण मात्र ब्रिटिशांच्याच जुन्या गोल पिनांशी एकनिष्ठ राहिलो. आपले पाच आणि पंधरा अँपिअरचे प्लग ही त्यांच्याच आधीच्या प्रमाणाची वंशावळ. त्यांनी टाकलेले आपण जपले, हे केवळ इंग्रजी कादंबऱ्यांच्याच बाबतीत खरे नाही, तर.

त्या प्लगची एक गंमत आम्हांस विशेष आवडली. तिन्ही पिनांत अर्थिंगची पिन सर्वांत लांब असते. ती आधी आत शिरते आणि तिच्या शिरण्याने उरलेल्या दोन भोकांवरची झडप उघडते. मुलाने एखादी सळई खुपसली तरी झडप सहसा उघडत नाही. आधी अर्थ, मग प्रवाह! ही कोटी आम्ही दादाला ऐकवली. तो हसला नाही. तो भिंतीवर पेन्सिलीने खुणा करीत होता.

दादा हिशेबनीस आहे. नियमांचे पुस्तक वाचून काम करणाऱ्यांपैकी. इंग्लंडमध्ये २००५ पासून घरगुती वीजकाम बांधकामाच्या नियमांखाली येते. मात्र २०१३ पासून, न्हाणीघरासारख्या जागा सोडल्या तर, असलेल्या सर्किटमध्ये सॉकेट वाढवण्याचे काम स्थानिक कचेरीला कळवावे लागत नाही. म्हणून त्याने ते स्वतःच करायचे योजले होते. टीव्हीमागच्या सॉकेटपासून एक फाटा काढायचा आणि खाटेच्या उशाशी नवे सॉकेट बसवायचे. परंतु एक फाटा एकाच ठाण्यासाठी, एकेरी किंवा जुळ्या. आणि फ्यूज न घालता फाट्याला पुन्हा फाटा फोडायचा नाही, असा तिथला दंडक आहे. (हा दंडक मराठी चर्चासत्रांना लागू झाला तर ती दुपारच्या जेवणाआधी आटोपतील.) आईला हवी होती तीन ठाणी. शिवाय वहिनी ठाम होती. “तिच्या उशाशी येणारी वीज माहितगाराच्या हातची हवी. तुमचं पुस्तक तुमच्यापाशी.”

असे ते वीजकाम करणारे भाई आले. जन्म लेस्टरचा, वडील १९७२ साली, ईदी अमीनने आशियाई लोकांना हाकलले तेव्हा, युगांडातून आलेले. आईला त्यांनी पहिल्याच वाक्यात ‘बा’ म्हटले, आणि आईने त्यांच्या गुजरातीला आपल्या मराठीत उत्तर दिले. दोघांचे छान जमले.

सॉकेट वाढवायचे म्हणजे भिंतीला झिरी पाडण्यापासून सुरुवात होणार, अशी आमची समजूत. भाईंनी छिन्नी-हातोडीला हातही लावला नाही. आधी आहे ते तपासायचे, वाढवायचे ते मग, असे ते म्हणाले. त्यांनी मेन बंद केला, वीज खरोखरच गेली आहे याची मापकाने खात्री केली, एमसीबीखालून त्या कड्याची दोन्ही टोके सोडवली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा रोध मोजू लागले. घराची वायरिंग १९८० च्या दशकाच्या अखेरीची, म्हणून तारा जुन्या रंगांच्या होत्या: वीज आणणारी लाल, तटस्थ काळी. तिथे आता नव्या कामात तपकिरी आणि निळा हे रंग येतात. लाल आणि काळा पाहून आम्हांस उगाच घरचे कुणी भेटल्यासारखे वाटले. काळ्या तारेचे माप आले ०.४० ओहम. अर्थिंगची तार बारीक, म्हणून तिचे ०.६५. लाल तारेला मापक लावला तर आकडाच उमटेना. त्यांनी पुन्हा लावला. मग पक्कड खाली ठेवून ते म्हणाले, कडे तुटलेले आहे.

“पण सगळी सॉकेटं चालू आहेत,” दादा म्हणाला.

तीच तर अडचण, असे भाई उत्तरले. आपल्याकडच्या झाडाची फांदी तुटली की पुढचा पंखा बंद पडतो, आणि कुणीतरी ओरडते. कडे एका जागी तुटले की काहीच बंद पडत नाही. सॉकेटला एका बाजूने वीज मिळतच राहते. दिवा लागतो, किटली उकळते, एमसीबी पडत नाही. फरक एवढाच की दोन बाहूंनी उचलायचा भार आता एकच बाहू उचलतो. भिंतीत पुरलेल्या अशा एकट्या तारेची ताकद, ती कशातून गेली आहे त्यानुसार, साधारण वीस ते सत्तावीस अँपिअर. एमसीबी मात्र बत्तीसचा. किटली, कपडे धुण्याचे यंत्र आणि कपडे वाळवण्याचे यंत्र एकदम चालले की तीस अँपिअर सहज ओलांडतात. एमसीबीच्या लेखी सारे ठीक असते आणि तार मुकाट्याने तापत राहते.

तुटलेली जागा दीड तासाने सापडली. काही वर्षांपूर्वी स्वयंपाकघर नवे केले तेव्हा ओट्याखालचे एक सॉकेट काढून टाकले होते आणि तारा एका स्क्रूच्या कनेक्टरात जोडून कपाटामागे ढकलून दिल्या होत्या. लाल तार त्यातून निसटली होती. मेन चालू असतानाच्या स्थितीविषयी भाई जे बोलले ते आम्ही विसरणार नाही: अशा तुटलेल्या तारेची दोन्ही टोके जिवंत असतात. एकमेकांपासून वीतभर अंतरावर, दोन्ही जिवंत, आणि मधे काही नाही.

मग त्यांनी दर्शनी खोलीतले टीव्हीमागचे सॉकेट उघडून दाखवले. स्वयंपाकघराचा सगळा भार इतकी वर्षे घराला पूर्ण वळसा घालून या खोलीतूनच जात होता. तिथल्या लाल तारेचे आवरण स्क्रूपाशी तपकिरी, कडक झाले होते. नखाने दाबल्यावर त्याचा टवका उडाला. आईची खाट त्या भिंतीला लागून येणार होती.

त्या रात्री भाई गेल्यावर स्वयंपाकघरातली वीज तशीच बंद होती. वहिनीने गॅसवर पातेल्यात चहा टाकला. आई झोपली होती. आम्ही चौघे टेबलाशी बसलो होतो आणि दादा पुन्हा पुन्हा म्हणत होता, “इतकी वर्षं, आणि कळलं कसं नाही?”

“कळणार कसं?” वहिनी म्हणाली. “सगळं चालू होतं ना.” मग जरा थांबून, चहा गाळता गाळता, “आपलंही तसंच आहे, भावजी. सगळं चालू आहे म्हणून कुणी उघडून बघितलं नाही.”

ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर आम्हांस उत्तर देता आले असते. तिने जे सांगितले ते आम्हांस तुकड्यातुकड्यांनी ठाऊकच होते. एका ओळीत मांडलेले कधी ऐकले नव्हते. ग्रंथालयातली अर्धवेळ नोकरी तिने २०२१ साली सोडली. उजवा खांदा वर्षभर आखडलेला, त्याचे व्यायाम करायला जाणे राहून गेले. नाशिकला तिची स्वतःची आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा ती जेमतेम आठ दिवस जाऊ शकली, कारण इथे आईला एकटे कसे ठेवायचे? त्या आठ दिवसांत आमचा फोन रविवारी नेहमीप्रमाणे गेला होता. आईने ‘सगळं ठीक आहे’ असे सांगितले होते, आणि आम्ही तेच ऐकले होते.

आम्ही आपली बाजू निरनिराळ्या प्रकारे मनातल्या मनात मांडून पाहिली. अंतर आहे, नोकऱ्या आहेत, दर रविवारी न चुकता फोन आहे, आईच्या वाढदिवसाला पार्सल आहे. हे खोटे नव्हते. पण ‘तटस्थ’ हा आमचा आवडता शब्द त्या रात्री आम्हांस बोचला. समीक्षक तटस्थ असावा, असे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगतो; म्हणजे दुरून पाहणारा, न गुंतलेला. भाईंनी त्या दिवशी सकाळी सहज सांगितले होते की तटस्थ तारेतून काही वाहत नाही, हा लोकांचा गैरसमज असतो. लाल तारेतून जेवढा प्रवाह येतो तेवढाच काळीतून परत जातो. तिने भार उचलला नाही तर दिवाच लागणार नाही. विजेच्या शास्त्रात तटस्थालाही पूर्ण काम असते. आम्ही त्या शब्दाआड सुटी घेऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी काम झाले. आधी स्वयंपाकघरातला सांधा: कनेक्टर काढून तिथे रीतसर डबा बसवला, तारा त्यात घट्ट जोडल्या आणि तो पुढे उघडून पाहता येईल असा ठेवला. टीव्हीमागच्या तारेचे जळके टोक कापून, चांगले तांबे लागेपर्यंत मागे घेतले. नवी ठाणी फाट्यावर न देता कड्यातच गुंफायची, असे ठरले. म्हणजे त्या सॉकेटपाशी कडे उघडायचे, एक तार उशापाशी न्यायची, तिथून पुढच्या ठाण्याला, तिथून तिसऱ्याला आणि तिथून परत. झिरी सरळ उभी किंवा सरळ आडवीच पाडायची, तिरपी कधीच नाही. म्हणजे उद्या कुणी खिळा ठोकायला आला तर सॉकेट पाहून तार कुठे असेल याचा अंदाज त्याला करता येतो. आम्हांस पोत्याने भंगार उचलण्याचे काम मिळाले आणि ते आम्ही मनापासून केले. ठाणी जमिनीपासून हातभर उंचीवर बसवली. नव्या घरांसाठी तिथे किमान साडेचारशे मिलिमीटरचा नियम आहे. जुन्या घराला तो बंधनकारक नव्हता, पण आईला वाकायला लागू नये एवढे कारण पुरेसे होते.

शेवटची चाचणी आम्ही श्वास रोखून पाहिली. कडे आता ६२ मीटरचे झाले होते. लाल ०.४६, काळी ०.४६. मग भाईंनी एका टोकाची लाल दुसऱ्या टोकाच्या काळीला आणि याची काळी त्याच्या लालला जोडली आणि खोल्याखोल्यांतून फिरत प्रत्येक सॉकेटला मापक लावला. दर्शनी खोलीत ०.२३. जिन्याखाली ०.२३. स्वयंपाकघरात ०.२३. वरच्या मजल्यावर, जिथे आईची जुनी खोली होती, तिथेही ०.२३. कडे शाबूत असले की असे होते, ते म्हणाले. घरातले कुठलेही सॉकेट घ्या, माप जवळजवळ सारखे येते.

यावरून आम्ही लगेच समतेचे प्रवचन सुचवू पाहिले, तेव्हा दादाने, हिशेबनिसाच्या नेमकेपणाने, एक प्रश्न विचारला. भारही मग निम्मानिम्मा वाटला जातो का? भाईंनी मान हलवली. नाही. सॉकेट ज्या बाजूला जवळ, ती बाजू अधिक उचलते. कड्याच्या पाव अंतरावर बारा अँपिअरचे यंत्र लावले तर जवळच्या बाहूतून नऊ येतात, लांबच्यातून तीन. ते तीन आले की तार तापत नाही.

हे गणित आम्ही नंतर बरेच दिवस उगाळले. जे जवळ आहेत त्यांच्याकडून अधिक उचलले जाणार. त्यात बरोबरी आणण्याचे सोंग करण्यात अर्थ नाही. पण लांबच्याने उचलायचे तीन अँपिअर म्हणजे शून्य नव्हेत. आम्ही इतकी वर्षे रविवारचा फोन त्या तिनांत धरला होता. खरे तर तो केवळ दिवा लागतो की नाही हे पाहणे होते.

परतण्यापूर्वी कागद घेऊन बसलो. दिवाळीच्या सुटीत आमच्यापैकी एकाने जायचे, उन्हाळ्याच्या सुटीत दुसऱ्याने, आणि त्याला जोडून साठलेली रजा घालायची, म्हणजे प्रत्येक खेपेला सहा आठवडे तरी मिळतात. त्या आठवड्यांत वहिनीने त्या घरात राहायचे नाही, अशी अट तिच्यावर आम्ही घातली. पहिल्या खेपेला ती ऐकेना. निघायच्या आदल्या रात्री तिने फ्रिजवर चार कागद चिकटवले: औषधांच्या वेळा, गादीचा पंप शिटी मारू लागला तर काय करायचे, आईला भात कसा लागतो, आणि कुणाला फोन करायचा. मग ती नाशिकला गेली, भावाकडे. पाचव्या दिवशी तिचा फोन आला तो आईची चौकशी करायला नव्हता; गंगापूर धरणावर फिरायला गेले होते, एवढेच सांगायला होता. दरम्यान इकडे आमच्यापैकी एकाने, ज्याने आजवर आईचे फक्त बोलणे ऐकले होते, तिला रात्री दोनदा उठवून कूस बदलून देण्याचे काम केले आणि चौथ्या रात्री स्वतःच्याच चिडक्या आवाजाने तो दचकला. हेही त्या सोळा वर्षांत वहिनीला कितीदा झाले असेल, हे आमच्या कागदावर नव्हते.

एमसीबीच्या पेटीच्या झाकणावर भाईंनी एक चिठ्ठी चिकटवली आहे. तपासणीची तारीख, आणि खाली पुढच्या तपासणीची. घरमालक स्वतः राहतो त्या घरांसाठी साधारणतः दहा वर्षांची मुदत सुचवतात. दादाने ती वाचून दाखवली तेव्हा आई म्हणाली, “दहा वर्षांनी मी नव्वदीच्या पुढे असेन. त्या गुजराती मुलाला तेव्हाही बोलवा. चांगला आहे.” भाई पन्नाशीचे आहेत.

आई आता उशाशी हात नेऊन टॅबलेटची पिन स्वतः लावते. रविवारी दुपारी आमचा फोन अजूनही जातो. हल्ली तो आधी वहिनीला जातो.